राजहंस : घरे चार

नोकरीनिमित्त परप्रांती जाऊन राहिलेल्या मराठी माणसांच्या ज्या काही निरुपद्रवी सवयी आहेत, त्यांत स्वभाषेतील शब्दकोडे चार जणांनी मिळून सोडवणे ही एक होय. दिवसभर कचेरीत इंग्रजीतून टिपणे लिहावीत, संध्याकाळी बाजारात हिंदीतून भाव करावा, आणि रविवारी दुपारी चहाच्या पेल्यांभोवती बसून ‘जलाशय, घरे तीन’ म्हणजे तलाव की तडाग यावर तासभर भांडावे, हा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. या भांडणात जी गोडी असते ती कोड्याची नसून भाषेची असते, हे आम्हां सर्वांस ठाऊक आहे. पण तसे कोणी बोलून दाखवत नाही.

अशाच एका रविवारी कोड्यात सूचना आली : ‘बालगंधर्वांचे मूळ आडनाव, घरे चार.’ यजमानांचे चिरंजीव स्पर्धा-परीक्षेची तयारी करीत आहेत. त्यांनी मान वर न करता ‘राजहंस’ असे सांगितले आणि आम्ही ते लिहून टाकले. उभ्या-आडव्या शब्दांशी ते जुळलेही. कोपऱ्यात मटार सोलीत बसलेल्या यजमानांच्या वृद्ध मातोश्री तेव्हा म्हणाल्या, “आडनाव काय होतं ते मला नाही बाई कधी कळलं. पण ते आत आले ना, की माणसं बसल्या जागी पुढे सरकायची.” लहानपणी वडिलांचे बोट धरून गेल्या असताना उतारवयातील बालगंधर्व त्यांनी पाहिले होते. नातवाने कुतूहलाने विचारले, “पण आजी, ते करायचे तरी काय असं?” आजींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “ते सांगता आलं असतं, तर नाटकाला कशाला गेलो असतो रे?”

कोडे तेथेच पुढे गेले. आमचे मन मात्र गेले नाही. त्या खोलीत बालगंधर्व नेमके कोणास ठाऊक होते? चारही घरे अचूक भरणाऱ्या नातवास, की ती रिकामी ठेवणाऱ्या आजीस? आणि एखाद्या माणसाच्या साऱ्या आयुष्याची चार अक्षरी सूचना करणे हे त्याच्या स्मृतीस जपणे होय, की तिचा उपमर्द? प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. पण त्याच्या मुळाशी स्मरण म्हणजे काय, हा क्षुल्लक नसलेला प्रश्न दडला आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम कोड्याची बाजू समजून घेऊ. आज आपण ज्याला शब्दकोडे म्हणतो त्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या रविवारच्या अंकात झाला. आर्थर विन नावाच्या संपादकीय विभागातील गृहस्थाने हिऱ्याच्या आकाराची एक आकृती आखून तीत शब्द बसवले. पुढे इंग्लंडात हा खेळ गेला, आणि १ फेब्रुवारी १९३० पासून लंडनच्या ‘टाइम्स’सारख्या गंभीर पत्रातही त्याला कायमची जागा मिळाली. इंग्रजी कोडेकाराची नड अशी की, त्यास आडव्या-उभ्या ओळी सांधण्यासाठी लहान, स्वरबहुल, सोईची नावे सदैव लागतात. अशी नावे पुरवण्यात नट-नट्यांइतका उदार वर्ग दुसरा नाही. त्यामुळे कोणता नट कोड्यात अमर होईल, हे त्याच्या अभिनयावर ठरत नाही, नावातील अक्षरांवर ठरते. एडमंड कीन हा १८३३ साली वारलेला थोर शोकनट. पण त्याच्या नावाचा उच्चार ‘उत्सुक’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखा होतो म्हणून तो कोडेकारास विशेष प्रिय. सर हर्बर्ट बीरबोम ट्री यांनी १९०४ साली लंडनमध्ये नाट्यशिक्षणाची जी संस्था काढली ती आज जगप्रसिद्ध आहे. शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकाच्या १९१४ सालच्या लंडनमधील प्रयोगात प्रोफेसर हिगिन्स त्यांनीच उभा केला. परंतु कोडी सोडवणाऱ्या हजारो इंग्रजांना ते एवढ्याचसाठी माहीत आहेत की, रंगभूमीसाठी त्यांनी घेतलेल्या आडनावाचा अर्थ ‘झाड’ असा होतो. सूचनेत ‘नट’ हा शब्द आला की उत्तरात झाड शोधावे, ही तेथील खेळाडूंची बाराखडी होय.

याहून हृदयस्पर्शी उदाहरण थीडा बारा या अमेरिकन नटीचे आहे. मूकपटांच्या काळात, १९१४ ते १९२६ या अवधीत, तिने चाळीसच्या आसपास चित्रपटांत कामे केली. मूळ नाव थिओडोशिया गुडमन, जन्म सिनसिनाटीचा. पण तिच्या कंपनीने तिच्याभोवती पौर्वात्य गूढतेचे वलय उभे केले आणि तिच्या नव्या नावाची इंग्रजी अक्षरे उलटसुलट केली असता ‘अरब’ व ‘मृत्यू’ हे दोन शब्द मिळतात, याची जाहिरात केली. म्हणजे या बाईचे नाव मुळातच एक कोडे म्हणून बाजारात आले. १९३७ साली न्यू जर्सीतील एका गोदामास आग लागून कंपनीच्या जुन्या फिती जळाल्या; त्यांत तिचे बहुतेक काम गेले. १९१७ सालच्या तिच्या ‘क्लिओपात्रा’चे काही तुकडेच आज उरले आहेत. १९५५ साली ती वारली. काम गेले, पाहणारे गेले, आणि तरीही ‘मूकपटातील मोहिनी, चार अक्षरे’ या सूचनेपुढे अमेरिकेतील लोक आजही तिचे आडनाव विनासायास लिहितात. त्यांतील बहुतेकांनी तिचा चेहरा पाहिलेला नसतो. हे अमरत्व म्हणावे, की मृत्यूचाच एक सभ्य प्रकार?

येथे पूर्वपक्ष असा मांडता येईल : नाव म्हणजे माणूस नव्हे. ज्या माणसाने घाम गाळून, आवाज झिजवून, रात्रीची झोप विकून लोकांस तासन् तास दुसऱ्या जगात नेले, त्याला दोन काळ्या चौकोनांमधील फट बुजवण्यास वापरणे म्हणजे देवळाच्या कोरीव दगडाने पायरीची भेग भरणे होय. बालगंधर्वांविषयी एक हकिगत आपल्याकडे सर्वतोमुखी आहे. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली, आणि तरीही त्यांनी त्या रात्री भामिनीचे काम केले, असे सांगतात. त्या रात्री रंगपटात आरशासमोर बसून त्यांनी चेहऱ्यास रंग कसा लावला असेल, तो चेहरा आरशात पाहताना काय वाटले असेल, हे कोणत्या चौकोनात मावणार? नातवाने ‘राजहंस’ लिहिताना या रात्रीचा एक कणही त्याच्या लेखणीस लागला नव्हता.

हा पूर्वपक्ष भावनेस पटतो. पण विचारांती तो पुरा पडत नाही. कारण माणसाचा संक्षेप करणारे कोडे हे काही एकटेच नाही. रस्त्यास दिलेले नाव हा संक्षेप आहे. पुण्यातील ज्या नाट्यगृहास १९६८ साली बालगंधर्वांचे नाव लाभले, तेथे नाटकास जाणारे किती जण नावामागील माणसाचा विचार करतात? पाटी वाचून कोणी क्षणभर थबकले तर तो कोड्यापुढे थबकणाऱ्याहून फारसा वेगळा नसतो. शिवाय नटाची गोष्ट इतर कलावंतांहून वेगळी आहे. कवीचे नाव आठवले की त्याचा ग्रंथ काढून वाचता येतो. शिल्पकाराचे नाव त्याच्या मूर्तीकडे नेते. जुन्या नटाचे नाव मात्र कोठेच नेत नाही. केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा जो संयुक्त प्रयोग केला, त्याची कीर्ती शंभर वर्षांनंतरही आहे, पण तो प्रयोग नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले, वय अवघे एकतीस. गाण्याच्या तबकड्यांत आवाजाची छाया उरली. पावलाची, पदराची, नजरेची तीही उरली नाही. ज्याचे सर्वस्व नाहीसे होणारच होते, त्याचे नाव निदान चौकोनात तरी टिकले, याबद्दल कोडेकारास दोष देण्याऐवजी त्याचे आभार का मानू नयेत?

या दोन टोकांच्या मध्ये न्याय कोठे आहे हे पाहण्यासाठी नटांना क्षणभर बाजूस ठेवून रंगभूमीच्या शब्दांकडे वळावे लागेल. कारण तेथे हीच गोष्ट अधिक स्पष्ट दिसते.

मराठी कोड्यात एका घरात एक वर्ण नव्हे, तर काना-मात्रा-जोडाक्षरासह पुरे अक्षर बसते. त्यामुळे ‘नट’ हा शब्द ‘कट’, ‘पट’, ‘तट’ यांच्याशी सहज सांधतो. परंतु ‘बालगंधर्व’ बसवायचे तर शेवटच्या ‘र्व’साठी ‘पूर्व’ किंवा ‘गर्व’ असा शब्दच शोधावा लागतो. या सोयी-गैरसोयीतून नाट्यसृष्टीचे काही शब्द कोड्यांत वारंवार येतात : नांदी, स्वगत, सूत्रधार, विदूषक, नेपथ्य, जनांतिक, रंगपट. त्यांच्या सूचनाही ठरून गेल्या आहेत. आता ‘नेपथ्य’ हाच शब्द घ्या. संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पात्रांचा वेष, आणि जेथे तो चढवतात ती पडद्याआडची जागा. म्हणूनच ‘नेपथ्ये’ असे लिहिले असता आवाज प्रेक्षकांस न दिसणाऱ्या ठिकाणाहून येतो. आजच्या मराठीत मात्र नेपथ्य म्हणजे रंगमंचावर सर्वांस दिसणारा देखावा. नेपथ्यकार तो उभारतो. जे दडलेले होते त्याचेच नाव उघड्यास मिळाले. ‘सूत्रधार’ची तीच कथा. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून त्यांच्या नाटकांत सूत्रधार आरंभापासून अखेरपर्यंत उभा राहून आख्यान गाई, पात्रे केवळ त्याच्या आधाराने बोलत. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त पात्रे स्वतःच गाऊ लागली आणि सूत्रधार प्रारंभाच्या प्रवेशापुरता उरला. ‘नाटकाची सुरुवात करणारा, घरे चार’ ही सूचना त्यामुळे खोटी नाही. पण तिने एका सत्ताधाऱ्याचा फक्त निवृत्तीनंतरचा काळ सांगितला आहे.

‘जनांतिक’ तर याहून बोलके आहे. कोशात त्याचा अर्थ ‘इतर पात्रांस ऐकू जाऊ नये अशा बेताने केलेले भाषण’ असा मिळेल. पण जुन्या नटास तो अर्थ शब्दातून कळत नसे, तो त्याच्या हातात असे. अनामिका वाकवून बाकीची बोटे सरळ धरलेला त्रिपताक हस्त आड धरला की रंगमंचावर एक अदृश्य भिंत उभी राही, आणि शेजारी उभे असलेले पात्र काहीएक ऐकत नाही, हे हजार प्रेक्षक बिनतक्रार मान्य करीत. चार घरांत ‘जनांतिक’ लिहिणाऱ्या आपल्यापैकी कितीकांनी तो हात कधी करून पाहिला आहे? इंग्रजांचा ‘लाइमलाइट’ हा शब्दही असाच. चुन्याच्या तुकड्यावर वायूची प्रखर ज्वाला सोडून रंगमंचावर प्रकाश पाडण्याची ती रीत विजेच्या दिव्यांनी केव्हाच मोडीत काढली. चुना विझला, शब्द जळत राहिला.

तात्पर्य, शब्द वस्तूहून अधिक जगतो, आणि जगताना हळूच आपला धनी बदलतो. हे थांबवणे कोडेकाराच्या हाती नाही. मग त्याच्या हाती काय आहे? इंग्रजी कोडेकारांनी या बाबतीत एक प्रकारचे नीतिशास्त्रच रचले आहे. ‘ॲफ्रिट’ या टोपणनावाने कोडी करणारे ए. एफ. रिची यांनी १९४९ साली ते सूत्ररूपाने मांडले. त्याचा आशय असा की, कोडेकाराने सोडवणाऱ्यास चकवावे, भलत्याच वाटेने न्यावे, परंतु उत्तर कळल्यानंतर सूचनेतील प्रत्येक शब्द अक्षरशः खरा ठरला पाहिजे. चकवा क्षम्य, लबाडी अक्षम्य. आम्हांस हा भेद केवळ खेळापुरता वाटत नाही. नट तरी दुसरे काय करतो? तो आपणांस फसवतो, पण खोटे बोलत नाही.

लबाडी शिरली म्हणजे काय होते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. मोठ्या बक्षिसांच्या शब्दकोडे-स्पर्धांचे एके काळी असे पेव फुटले की, मुंबई राज्यास १९४८ साली त्यांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा करावा लागला. १९५५ साली केंद्राने कायदा करून महिन्याला हजार रुपयांहून अधिक बक्षिसाच्या स्पर्धा बंदच केल्या, आणि लहान स्पर्धांवर परवान्याचे व दोन हजार प्रवेशपत्रिकांचे बंधन घातले. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा स्पर्धांचे स्वरूप जुगाराचे ठरवले आणि जुगारास व्यापाराचे संरक्षण मिळू शकत नाही, असा निर्णय दिला. दोष शब्दांचा नव्हता. दोष असा होता की, दोन उत्तरे सारखीच शोभत असता त्यांतील एक आधीच पाकिटात बंद करून तेच ‘बरोबर’ ठरवले जाई. तेथे जाणणे आणि नशीब यांतील भिंतच पाडली गेली होती.

सोडवणाऱ्याशी प्रामाणिक राहणे हे कोडेकाराचे पहिले कर्ज; ते तो बहुधा फेडतो. पण ज्याचे नाव तो वापरतो त्याचेही एक कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, आणि त्याचा विचार क्वचितच होतो. ‘टाइम्स’च्या कोड्यात दीर्घकाळ असा दंडक होता की, राज्यावर असलेला राजा वा राणी वगळता कोणाही जिवंत माणसाचे नाव चौकोनात येऊ नये. दंडकामागील हेतू शिष्टाचाराचा असेल. पण त्यातून एक विलक्षण परिस्थिती निर्माण झाली. थोर नट कोड्यात येण्यास पात्र केव्हा ठरे, तर त्याचा शेवटचा पडदा पडल्यावर. जिवंत माणसास बोलता येते, आक्षेप घेता येतो, उद्या तो वेगळा वागू शकतो. म्हणून त्याचा संक्षेप करू नये. मृतास मात्र हरकत घेता येत नाही. आमच्या मते नेमक्या याच कारणासाठी मृताच्या बाबतीत अधिक जपले पाहिजे. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याविषयीचे उत्तर आपण चार घरांत लिहीत असतो.

आणि हा विचार आम्हां नोकरदारांना परका नसावा. सरकारी हुकमात आमचेही नाव येते : नाव, हुद्दा, ठिकाण, तीन घरे. बदली झाली की खुर्चीवरची पाटी निघते, नवी लागते. आमच्या जागी आलेला गृहस्थ जुन्या नस्तीवरील आमची आद्याक्षरे पाहतो, आणि ती कोणाची हे कारकुनास विचारतो. कारकून हुद्दा सांगतो. तो खोटे बोलत नाही. तरीही ज्या टिपणावर ती आद्याक्षरे आहेत ते लिहिताना आम्ही रात्रभर कोणाच्या पोटावर पाय येईल याचा विचार करीत जागलो होतो, हे त्या दोन अक्षरांत कोठे आहे? ते तेथे असावे, असा आमचा हट्ट नाही. पण नव्या गृहस्थाने ‘कोण?’ याच्या पुढे जाऊन एकदा ‘का?’ असे विचारावे, एवढी अपेक्षा मात्र आम्ही मनात बाळगतो. तीच अपेक्षा राजहंसांच्या वतीने करणे न्यायाचे ठरेल.

म्हणजे आजी आणि नातू यांच्या वादाचा निकाल काय? आम्हांस वाटते, दोघांनाही बालगंधर्व अर्धेच ठाऊक होते. नातवाजवळ नाव होते, अनुभव नव्हता. आजींजवळ अनुभव होता, पण तो दुसऱ्याच्या हाती देता येईल असे त्याला मूठ-दांडा काही नव्हते. त्या कोणत्या भूमिकेत पाहिले हेही त्यांस खात्रीने सांगता येईना. नाव नसते तर अनुभव त्यांच्याबरोबरच संपला असता. अनुभव नसता तर नाव कोरडे राहिले असते. चूक चौकोन भरण्यात नाही. भरल्यावर जाणणे संपले असे समजण्यात आहे. संस्कृतातून आलेल्या आपल्या ‘पात्र’ या शब्दास भांडे, नाटकातील व्यक्ती आणि योग्य असे तीनही अर्थ आहेत, हा योगायोग आम्हांस बोधप्रद वाटतो. नाव हे भांडे होय. ते कोठे तरी ठेवलेले असणे चांगलेच. पण कोणी तरी त्यात पाणी घालावे लागते.

त्या दिवशी नातवाने एवढे केले की, चहा झाल्यावर बालगंधर्वांचे एक जुने ध्वनिमुद्रण शोधून लावले. आजी डोळे मिटून ऐकत राहिल्या आणि संपल्यावर म्हणाल्या, “आवाज तोच आहे. पण असं नव्हतं.” कसे होते, हे नातवाने पुन्हा विचारले, आणि या वेळी आजींनी मटाराची परात खाली ठेवून, हाताने, मानेने, अडखळत, काही तरी दाखवण्याचा प्रयत्न केला. ते आम्हांस पुरते समजले असे म्हणवत नाही.

तेव्हापासून आमच्या मंडळाने एक नियम केला आहे. कोड्यात नटाचे नाव अथवा रंगभूमीचा शब्द आला, तर जो उत्तर देईल त्याने सूचनेत नसलेली एक तरी गोष्ट त्याविषयी सांगावी. न सांगता आल्यास घर मोकळे ठेवावे. त्यामुळे आमची कोडी अलीकडे फारशी पुरी होत नाहीत.